न्यूजर्सी जिंकूनही हिलरी मागे कशा पडल्या? अमेरिकेतल्या तिकिटाचं गणित

दर चार वर्षांनी जानेवारी उजाडला की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काकांचा ठरलेला प्रश्न येतो. "अरे, अमेरिकेत मतदान नोव्हेंबरात असतं ना? मग आत्ता हे कसले निकाल दाखवतायत टीव्हीवर?" मग कोणीतरी दोन ओळीत उत्तर देतं, काका अंगठा टाकतात, आणि चार वर्षांनी परत तेच. म्हणून म्हटलं एकदाच नीट लिहून ठेवू, पुढच्या वेळी लिंक टाकली की झालं.

आपल्याकडे निवडणुकीत तिकीट कोणाला हे पक्षाचे मोठे लोक ठरवतात. शेवटच्या रात्रीपर्यंत इच्छुक मंडळी एबी फॉर्मची वाट बघत जागी असतात, आणि ज्याला मिळत नाही तो सकाळी चिडून अपक्ष अर्ज भरतो. अमेरिकेत त्यांनी तो एबी फॉर्मच मतदानाला टाकलाय असं समजा. डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार कोण हे डेमोक्रॅटिक मतदार ठरवणार, रिपब्लिकनचा कोण ते रिपब्लिकन मतदार. त्याला म्हणतात प्रायमरी. आणि ती एका दिवशी सगळीकडे होत नाही, जानेवारी-फेब्रुवारीपासून जूनपर्यंत राज्याराज्यांत रमतगमत चालते.

इथपर्यंत सोपं आहे. गंमत पुढे आहे, कारण प्रायमरीत ज्याला जास्त मतं तो जिंकला असं नसतंच मुळी. मतांवरून ठरतात डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात जाऊन हात वर करणारे प्रतिनिधी, आणि ज्याचे डेलिगेट निम्म्याहून जास्त त्याला तिकीट. मतांचे डेलिगेट कसे करायचे याचं एक भलंमोठं रुलबुक असतं आणि माझं प्रामाणिक मत असं की मोठ्या नावाच्या उमेदवाराला हरवायचं असेल तर भाषणापेक्षा ते रुलबुक जास्त कामाला येतं. याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे २००८ साल, हिलरी क्लिंटन विरुद्ध बराक ओबामा. त्यांच्याच गोष्टीतून सगळं सांगतो.

पण त्याआधी दोन मिनिटं १९६८, कारण त्याशिवाय हे रुलबुक आलं कुठून ते कळणार नाही.

तेव्हा प्रायमरी असायच्या, पण मोजक्याच राज्यांत, आणि खरा निर्णय पक्षाचे राज्याराज्यांतले दादा लोक करायचे. व्हिएतनाम युद्ध पेटलेलं होतं. युजीन मॅकार्थी नावाचा एक शांत स्वभावाचा सिनेटर चक्क आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध, लिंडन जॉन्सनविरुद्ध उभा राहिला. मार्चमध्ये न्यू हॅम्पशायरला जॉन्सन ४९ टक्के, मॅकार्थी ४२ टक्के. हरला की तो! पण बसलेल्या राष्ट्राध्यक्षाला घरच्याच मैदानावर इतकं जवळ येऊन घाम फोडला म्हणजे काहीतरी बिनसलंय हे सगळ्यांना कळलं आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला जॉन्सन टीव्हीवर येऊन म्हणाले, मी उभा राहत नाही. त्याआधीच रॉबर्ट केनेडीही मैदानात उतरले होते, जूनमध्ये त्यांची हत्या झाली, आणि ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात तिकीट मिळालं उपराष्ट्राध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्रीला, ज्याने एकही प्रायमरी लढवली नव्हती. बाहेर रस्त्यावर पोलीस तरुण पोरांना बडवत होते ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. एवढी नाचक्की झाल्यावर पक्षाने नियम बदलायला समिती नेमली, आणि आजची प्रायमरीची पद्धत तिथून निघाली. त्या समितीचे अध्यक्ष होते जॉर्ज मॅकगव्हर्न. १९७२ मध्ये कोणाच्या खिजगणतीत नसताना तिकीट कोणी जिंकलं? मॅकगव्हर्ननीच. ज्याने पेपर काढला तोच पहिला आला म्हणा ना. (नोव्हेंबरात मात्र निक्सनने ५० पैकी ४९ राज्यांत त्यांना झोपवलं, तो भाग वेगळा.)

त्या पराभवाने आणि नंतरच्या वर्षांनी पक्षाचे जुने लोक हबकले, आणि ऐंशीच्या दशकात त्यांनी स्वतःसाठी एक चोरदरवाजा ठेवून घेतला. त्याचं नाव सुपरडेलिगेट. म्हणजे खासदार, गव्हर्नर, पक्षाचे पदाधिकारी वगैरे, जे मतदारांना न विचारता ज्याला वाटेल त्याला पाठिंबा देऊ शकतात. २००८ मध्ये एकूण डेलिगेटांपैकी साधारण पाचवा हिस्सा यांचा होता.

तर आता २००७ ची शरद ऋतूतली परिस्थिती बघा. हिलरींकडे आडनाव आहे, माजी राष्ट्राध्यक्ष नवरा आहे, न्यूयॉर्कची सिनेटची जागा आहे, देशभरच्या पोलमध्ये वीसपंचवीस टक्क्यांची आघाडी आहे, आणि एकही मत पडायच्या आधी सुपरडेलिगेटमध्ये जवळपास शंभराची आघाडी आहे. समोर ओबामा, सिनेटमध्ये येऊन तीन वर्षंही झालेली नाहीत आणि नाव असं की निवेदकांची जीभ अडखळते. पण एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, ओबामा म्हणजे काही फाटक्या चपलांनी फिरणारा उमेदवार नव्हता हं. २००७ च्या पहिल्या तीन महिन्यांतच त्यांनी अडीच कोटी डॉलर गोळा केले होते, हिलरींच्या जवळपास बरोबरीने. दुबळा उमेदवार वगैरे थोडी स्टोरी असते, लोकांना आवडते म्हणून.

आणि पैशांत एक बारीक मेख होती. कायद्याने एका माणसाला एका उमेदवाराला प्रायमरीसाठी जास्तीत जास्त २,३०० डॉलर देता यायचे. हिलरींच्या बऱ्याच मोठ्या देणगीदारांनी एकदाच पूर्ण चेक फाडला, झालं, आता त्यांच्याकडे परत मागता येत नाही. ओबामांकडे इंटरनेटवरून २५, ५० डॉलर देणारी पब्लिक होती, त्यांना पुढच्या महिन्यात परत ईमेल टाकता येतो, आणि त्याच्या पुढच्या महिन्यातही. त्यामुळे २००८ च्या जानेवारीत ओबामांकडे ३ कोटी २० लाख डॉलर आले आणि त्याच महिन्यात हिलरींना स्वतःच्या खिशातून प्रचाराला ५० लाखांचं कर्ज द्यावं लागलं. विहीर मोठी होती पण झरा आटलेला होता.

आता पहिलं राज्य, आयोवा. ३ जानेवारी २००८. इथे साधी मतपेटी नव्हती, कॉकस होता, आणि कॉकस हा प्रकार ऐकून माहीत असला तरी डोळ्यासमोर येत नाही. माझा आतेभाऊ तेव्हा तिकडे शिकायला होता, मत देण्याचा प्रश्नच नव्हता, पण घरमालकीणबाई म्हणाल्या चल बघायला, म्हणून गेला. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, शाळेच्या कॅन्टीनमध्ये गर्दी एवढी की जाकीट काढायला हात वर होईना. सात वाजले आणि दार बंद. मग गुप्त मतदान वगैरे काही नाही, चक्क उमेदवारानुसार जाऊन उभं राहायचं. ओबामावाले दूध-ज्यूसच्या फ्रीजपाशी, हिलरीवाले खिडकीखाली, तिसरे उमेदवार जॉन एडवर्ड्स, त्यांचे लोक भिंतीला टेकून. एकजण खुर्चीवर चढून डोकी मोजतो. ज्याच्याकडे खोलीतले १५ टक्केही नाहीत तो ग्रुप बाद, त्यांनी दुसरीकडे जायचं नाहीतर घरी. आणि मग जो बाजार भरतो म्हणे! रिचर्डसन या बाद झालेल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उरलेली चौदा माणसं, आणि त्यांच्याभोवती तिन्हीकडची मंडळी, कोणी धोरण समजावतंय, कोणी घरून आणलेली कुकीज पुढे करतंय, कोणी नुसतं "अगं आपण शेजारी ना" म्हणतंय. घरमालकीणबाई हिलरीच्या बाजूच्या, आणि समोर फ्रीजपाशी त्यांचा स्वतःचा सतरा वर्षांचा मुलगा. (नोव्हेंबरपर्यंत अठरा पूर्ण होणार असतील तर कॉकसला चालतं.) घरी जाताना गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही, हे आतेभाऊ अजून सांगतो.

यात गोम काय ते लक्षात आलं का? रात्रपाळीचा कामगार, तान्हं मूल असलेली आई, आजारी म्हातारा, यांना दोन तास असं उभं राहणं जमत नाही. म्हणजे कॉकसमध्ये किती लोक तुम्हाला पसंत करतात याला फार किंमत नाही, थंडीत घराबाहेर पडतील इतके वेडे तुमच्याकडे किती आहेत याला आहे. ओबामांकडे ते होते. आयोवात २००४ ला सव्वा लाखाच्या आसपास लोक आले होते, २००८ ला जवळजवळ दुप्पट, आणि निकाल ओबामा ३८ टक्के, एडवर्ड्स आणि हिलरी दोघं ३० च्या आसपास, त्यातही हिलरी केसभर मागे, म्हणजे तिसऱ्या.

डेलिगेटच्या हिशोबात आयोवा चिल्लर आहे. पण आयोवात नव्वद टक्क्यांहून जास्त लोक गोरे, आणि त्यांनी काळ्या उमेदवाराला पहिलं केलं ही बातमी तिथून हजार मैलांवर साउथ कॅरोलिनातल्या काळ्या मतदारांनी ऐकली. तोवर त्यांच्यातले बरेच जण हिलरींकडे होते. ओबामा आवडत नव्हते असं नाही, पण "गोरे लोक याला मत देणारच नाहीत, मग आपलं मत वाया कशाला घालवा" हा साधा व्यवहारी विचार होता. पाच दिवसांनी न्यू हॅम्पशायर हिलरींनी खेचून आणलं खरं, पण २६ जानेवारीला साउथ कॅरोलिनात ओबामा ५५, हिलरी २७, आणि काळ्या मतदारांपैकी ७८ टक्के ओबामांकडे.

आता गणित. वही-पेन घ्या, खरंच, एकदा करून बघितलं की आयुष्यभर विसरणार नाही.

डेमोक्रॅटिक पक्षाचा नियम असा की डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटायचे आणि ते राज्याबरोबरच छोट्या छोट्या मतदारसंघांत वाटायचे. समजा एका मतदारसंघात ४ डेलिगेट आहेत, हिलरींना ६० टक्के आणि ओबामांना ४०. आपल्याकडे याला गुलाल उधळायचा विजय म्हणतात. पण ४ चे ६० टक्के म्हणजे २.४, पूर्ण आकड्यात २. ओबामांचे १.६, पूर्ण आकड्यात २. दोन-दोन! गुलाल वाया. तिसरा डेलिगेट मिळवायला ६२.५ टक्क्यांच्या वर जावं लागतं. शेजारच्या मतदारसंघात मात्र ३ डेलिगेट आहेत, तिथे नुसतं ५१-४९ झालं तरी २-१. म्हणजे सम आकड्याच्या जागी घाम गाळून उपयोग नाही, ४० टक्के राखले तरी बरोबरी, आणि विषम आकड्याच्या जागी चार मतांनीही फरक पडतो. ओबामांच्या टीमने हे आधीच बसून काढून ठेवलं होतं. नेवाडात हिलरी ५१-४५ ने जिंकल्या, पेपरात फोटो आले, आणि डेलिगेट? ओबामा १३, हिलरी १२. शहरातल्या सम आकड्यांत हिलरींची मतं जिरली आणि गावाकडच्या विषम आकड्यांत ओबामांनी एकेक उचलला.

५ फेब्रुवारीला सुपर ट्युसडे, एका दिवशी २२ राज्यं. हिलरींनी मोठी मोठी राज्यं घेतली, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यूजर्सी, मॅसॅच्युसेट्स. त्याच्या तीन दिवस आधी ओबामा कुठे होते माहितीये? आयडाहोत. आयडाहो म्हणजे बटाट्यांसाठी प्रसिद्ध असलेलं, कट्टर रिपब्लिकन राज्य, नोव्हेंबरात तिथे डेमोक्रॅट जिंकायची सुतराम शक्यता नाही. बॉइसी गावात सकाळी सभेला १४ हजार लोक. आयडाहोच्या कॉकसला सगळे मिळून एकवीस हजारांच्या आसपास लोक आले, ओबामांना ८० टक्के, डेलिगेट १५ विरुद्ध ३. बाराची आघाडी. न्यूजर्सीत ११ लाखांहून जास्त मतं पडली, हिलरी दहा टक्क्यांनी जिंकल्या, डेलिगेट ५९ विरुद्ध ४८. अकराची आघाडी.

परत वाचा. एकवीस हजारांचं आयडाहो अकरा लाखांच्या न्यूजर्सीवर भारी. हे न्याय्य आहे का? मला विचाराल तर अजिबात नाही. पण नियम दोघांनाही आधीच माहीत होते, आणि आयडाहोत ऑफिस उघडायला हिलरींना कोणी अडवलं नव्हतं. त्यांच्या मंडळींचा हिशोब असा होता की सुपर ट्युसडेलाच मॅच संपेल. संपली नाही, आणि त्यानंतरच्या दोन आठवड्यांत ओबामांनी सलग अकरा लढती मारल्या, कारण तिथे त्यांची माणसं आधीपासून जाऊन बसलेली होती आणि हिलरींकडे ना माणसं ना पैसा. मार्चमध्ये टेक्सासला तर कहरच, तिथे तेव्हा दिवसा मतदान आणि रात्री त्याच लोकांचा कॉकस, दोन्हीचे वेगळे डेलिगेट. मतदान हिलरींनी जिंकलं, कॉकस ओबामांनी, आणि बेरीज केल्यावर टेक्सासमधून जास्त डेलिगेट ओबामांचे.

मग सुपरडेलिगेटचं काय, ते तर हिलरींचे होते ना? होते, पण नेते लोक शेवटी वारा बघतात, इकडे काय आणि तिकडे काय. जॉन लुइस हे जॉर्जियाचे खासदार, नागरी हक्क चळवळीत पोलिसांच्या लाठ्या खाल्लेले, त्यांनी २००७ मध्ये हिलरींना पाठिंबा जाहीर केला होता. जॉर्जियाचं मतदान झालं, त्यांच्या स्वतःच्या मतदारसंघाने ओबामांना भरभरून मतं दिली, आणि फेब्रुवारीअखेर लुइसनी बाजू बदलली. असे एकेक करत मे महिन्यात ती शंभराची आघाडीही संपली.

एक भानगड राहिली, मिशिगन आणि फ्लोरिडा. या दोन राज्यांनी पक्षाचं ऐकलं नाही आणि आपल्या तारखा परस्पर जानेवारीत ओढल्या, म्हणून पक्षाने शिक्षा म्हणून त्यांचे सगळे डेलिगेट शून्य केले. ओबामांनी मिशिगनच्या मतपत्रिकेवरून नाव काढलं, हिलरींनी ठेवलं आणि तिथे ५५ टक्के मिळवले, बाकी ४० टक्के लोकांनी "कोणीच नाही" अशा अर्थाच्या खान्यात मत टाकलं. पुढे मागे पडल्यावर हिलरींची माणसं म्हणायला लागली की ही मतं मोजा. मजा म्हणजे डेलिगेट शून्य करायचा ठराव ज्या समितीने केला त्यात हिलरींचे खास सल्लागार हॅरल्ड इकिस होते आणि त्यांनी बाजूने मत दिलं होतं! शेवटी ३१ मेला दोन्ही राज्यांना अर्धी-अर्धी मतं दिली. एकूण लोकांची मतं म्हणाल तर दोघांनाही पावणेदोन कोटींच्या आसपास, मिशिगन धरलं तर हिलरी पुढे, सोडलं तर ओबामा. वाद घालायचा असेल तर आजही घालता येतो.

कोणी म्हणेल हे सगळं ओबामांचं कौतुक झालं, प्रत्येक वेळी छोटा माणूस जिंकतो का? छे. २०१६ ला डेमोक्रॅटिक तिकिटासाठी हिलरींविरुद्ध उतरलेल्या बर्नी सँडर्सची गत बघा. न्यू हॅम्पशायरला हिलरींना ६०-३८ असं लोळवलं, डेलिगेट १५ विरुद्ध ९, आणि दुसऱ्या दिवशी टीव्हीवरच्या तक्त्यात १५-१५, कारण तिथल्या सहा सुपरडेलिगेटनी आधीच हिलरींचं नाव सांगून ठेवलं होतं. न्यूयॉर्कची प्रायमरी एप्रिलमध्ये, पण तिथे फक्त नोंदणीकृत डेमोक्रॅट मत देऊ शकतात आणि पक्ष बदलायची शेवटची तारीख होती आदल्या वर्षीचा ऑक्टोबर. तेव्हा निम्म्या पब्लिकला बर्नी कोण हेही माहीत नव्हतं. तरी खरं सांगायचं तर बर्नी हरले ते काही नुसत्या नियमांमुळे नाही, हिलरींना त्यांच्यापेक्षा तीसेक लाखांहून जास्त मतं पडली होती आणि साउथ कॅरोलिनात ७३-२६ ने धुतलं होतं. ज्या मतदारांनी २००८ ला ओबामांना तारलं ते यावेळी हिलरींच्या बाजूला होते. पण बोंबाबोंब एवढी झाली की २०१८ मध्ये पक्षाने सुपरडेलिगेटना अधिवेशनातल्या पहिल्या फेरीत मतदानच बंद केलं, निकाल आधीच स्पष्ट असेल तरच परवानगी.

आणि त्याच वर्षी पलीकडे रिपब्लिकनमध्ये उलटंच. त्यांच्याकडे बऱ्याच राज्यांत जिंकेल त्याला सगळं असा कारभार. साउथ कॅरोलिनात ट्रम्पना फक्त ३२.५ टक्के मतं आणि ५० पैकी ५० डेलिगेट, बाकीचे पाच जण उरलेल्या मतांत भांडत बसले. मतविभागणी म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आपले बेळगावकर श्री ठाणेदारांचंच बघा ना, २०१८ ला मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत पदरचे कोटभर डॉलर घालून तिसरे आले, आणि २०२२ ला डेट्रॉइटकडच्या खासदारकीच्या प्रायमरीत नऊ जणांच्या गर्दीत २८ टक्क्यांवर पहिले आले आणि थेट संसदेत गेले.

तर ओबामांकडे परत. ३ जूनला शेवटच्या दोन राज्यांचं मतदान होतं, मोंटाना ओबामांनी घेतलं, साउथ डकोटा हिलरींनी, आणि त्याच रात्री सुपरडेलिगेट धरून ओबामांनी लागणारा २,११८ चा आकडा ओलांडला. चार दिवसांनी हिलरींनी माघार घेतली. अधिवेशन ऑगस्टमध्ये डेन्व्हरला. एकेका राज्याचं नाव पुकारून मतं मोजणं चालू होतं, न्यूयॉर्कची पाळी आली तेव्हा हिलरी स्वतः न्यूयॉर्कच्या प्रतिनिधींमध्ये येऊन उभ्या राहिल्या, माइक हातात घेतला, आणि रीतसर प्रस्ताव मांडला की मोजणी थांबवा, नियम बाजूला ठेवा आणि सगळ्यांनी मिळून एकमुखाने ओबामांना उमेदवार जाहीर करा.